विनोग्राड, टेरी ॲलन

विनोग्राड, टेरी ॲलन : (२४ फेब्रुवारी १९४६ – ). अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. कृत्रिम बुद्धिमत्तेतील भाषा-आकलनाचे आरंभीचे संशोधन आणि नंतर मानव–संगणक आंतरक्रियेचे (माणूस संगणक कसा वापरतो, याच्या अभ्यासाचे) अध्यापन यांसाठी प्रसिद्ध. कोलोरॅडो कॉलेजातून गणिताची पदवी (१९६६) घेऊन त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भाषाविज्ञानाचा अभ्यास केला. एमआयटीत (मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) संगणकशास्त्रज्ञ सीमोर पॅपर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. (१९७०). १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू.

प्रबंधासाठी त्यांनी लिहिलेला ‘श्रडलू’ हा प्रोग्रॅम पडद्यावरील रंगीत ठोकळे साध्या इंग्रजीतील आज्ञेनुसार हलवी व त्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देई. ‘पिरॅमिड पकड’ म्हटल्यावर, पिरॅमिड अनेक असल्यामुळे, कोणता ते कळत नाही, असे तो कळवी. त्याचा काल संदर्भग्रंथांत १९६८ ते १९७२ असा निरनिराळा आढळतो. प्रोग्रॅमचे लेखन साधारणतः १९६८–७० मध्ये झाले. प्रबंध १९७१ मध्ये तांत्रिक अहवाल म्हणून निघाला, तर नियतकालिकात व ग्रंथरूपाने तो १९७२ मध्ये आला. १९७२ हे प्रसिद्धीचे वर्ष असल्याने निर्मितीसाठी १९७० धरणे अधिक सयुक्तिक. ठोकळ्यांच्या बंदिस्त विश्वाबाहेर ही पद्धत फारशी विस्तारता आली नाही.

ग्रंथातील एक उदाहरण मात्र प्रोग्रॅमपेक्षा दीर्घायुषी ठरले : ‘नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती.’ शेवटी ‘कारण त्यांना हिंसाचार हवा होता’ असे केले की ‘त्यांना’ हे सर्वनाम नगरसेवकांकडून निदर्शकांकडे सरकते. व्याकरण तेच राहते. निर्णय व्यवहारज्ञानाने होतो. यावरूनच संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेव्हेक यांनी २०११ मध्ये यंत्रांसाठी, अशा वाक्यांतील सर्वनाम कोणाचे ते ओळखण्याची, ‘विनोग्राड स्कीमा’ ही कसोटी सुचविली. मोठ्या भाषा-प्रारूपांनी (प्रचंड मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकप्रणालींनी) ती पुढे बव्हंशी ओलांडली. त्यावरून आकलन सिद्ध होते का, याविषयी मतभेद आहेत.

विनोग्राड कृत्रिम बुद्धिमत्तेपासून दूर का गेले, याचे श्रेय बहुधा चिलीचे माजी मंत्री फर्नांडो फ्लोरेस यांना दिले जाते. दोघांच्या १९८६ मधील ग्रंथात तत्त्वज्ञ हायडेगर व जीवशास्त्रज्ञ मातुराना यांच्या आधारे, ज्ञान म्हणजे चिन्हांची हाताळणी, या गृहीतकावर टीका आहे. तथापि तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस व जॉन सर्ल यांच्याशी झालेल्या चर्चा, तसेच झेरॉक्सच्या पालो ॲल्टो केंद्रात डॅनिएल बोब्रो यांच्यासह केआरएल ही ज्ञाननिरूपण (संगणकात ज्ञान मांडण्याची) भाषा घडविताना आलेल्या अडचणी पाहता, शंकेची बीजे १९७० च्या दशकातच पडली असावीत. फ्लोरेस यांनी त्या शंकेला तात्त्विक परिभाषा दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्यानंतर त्यांचा भर संगणकप्रणालींच्या अभिकल्पावर (डिझाइनवर) राहिला. स्टॅनफर्डमधील मानव–संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासक्रमाची उभारणी त्यांनी केली. गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज हे त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी. पेजरँक या वेबपृष्ठांची क्रमवारी लावणाऱ्या पद्धतीवरील शोधनिबंधाचे (१९९८) विनोग्राड सहलेखक आहेत.