अलिंद विकंपन आणि स्वायत्त मज्जासंस्था

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, विद्युत् लहरी अस्ताव्यस्त फिरू लागल्याने त्यांचे आकुंचन निष्फळ होते व नाडी अनियमित पडते. या विकाराला अलिंद विकंपन म्हणतात. रुग्णालयात तो ‘एट्रियल फिब्रिलेशन’ किंवा नुसता ‘एएफ’ या नावाने ओळखला जातो. अलिंदात साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होणे, हा त्यातील सर्वांत गंभीर धोका होय. वाढते वय, उच्च रक्तदाब, झडपांचे विकार आणि थायरॉइडचा अतिस्राव यांमुळे विकंपनाची भूमी तयार होते. मात्र त्या भूमीवर विकंपनाचा झटका केव्हा येईल, हे पुष्कळदा आपल्या इच्छेविना हृदयासारख्या अवयवांचे काम चालवणारी स्वायत्त मज्जासंस्था ठरवते.

या संस्थेची अनुकंपी शाखा श्रम, भीती व उत्तेजना यांच्या वेळी हृदयाची गती वाढवते, तर परानुकंपी शाखा, विशेषतः व्हेगस हा मज्जातंतू, विश्रांतीत ती मंदावते. त्यामुळे व्हेगसचा परिणाम नेहमी हितकारकच असावा असे वाटते, परंतु अलिंदांच्या बाबतीत ते खरे नाही. व्हेगसच्या टोकांतून स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलिनमुळे अलिंदाच्या पेशींतील पोटॅशियमचे विशिष्ट मार्ग उघडतात आणि ठोक्यानंतर पेशी पुन्हा उद्दीपित होण्यास लागणारा काळ आखूड होतो. मज्जातंतूंचे जाळे सर्वत्र सारखे दाट नसल्याने हा काळ कोठे फार, तर कोठे थोडाच घटतो, आणि या विषमतेमुळे लहरींना चक्राकार फिरत राहण्यास वाव मिळतो. अनुकंपी उत्तेजनाने पेशींतील कॅल्शियम वाढून अवेळी ठोके उठतात. दोन्ही शाखा एकाच वेळी उद्दीपित होणे विकंपनास सर्वाधिक अनुकूल असते.

पॅरिसमधील हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी या आधारे झटक्यांचे दोन प्रकार वर्णिले. व्हेगसजन्य झटका झोपेत, जड जेवणानंतर किंवा मद्यपानानंतर येतो आणि बहुधा अन्यथा निरोगी हृदयाच्या, तुलनेने तरुण पुरुषांत आढळतो. अनुकंपीजन्य झटका दिवसा, श्रमाच्या किंवा मानसिक ताणाच्या वेळी येतो. बहुसंख्य रुग्णांत दोहोंचे मिश्रण दिसते. तरीही झटक्याची वेळ विचारणे महत्त्वाचे आहे, कारण रात्री येऊन गेलेला झटका सकाळच्या ईसीजीत सापडत नाही व हृदयाची लय चोवीस तास नोंदवणारे होल्टर हे यंत्र अंगावर लावावे लागते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील खानापूर किंवा निपाणीचा मराठी भाषक रुग्ण उपचारासाठी कधी बेळगावला, कधी मिरजेला, तर कधी कोल्हापूरला जातो. अशा वेळी छातीत धडधड केव्हा सुरू झाली, त्याआधी काय खाल्ले, काय काम केले, हे त्याच्याच भाषेत नीट विचारून कागदावर उतरवले जाणे हा निदानाचाच भाग मानला पाहिजे.

सीमाभागातील शेतीचाही या विषयाशी संबंध पोहोचतो. निपाणी परिसर तंबाखू व विडी यांसाठी प्रसिद्ध आहे. तंबाखूतील निकोटिन स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन्ही शाखांच्या गुच्छिकांना, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यांना, उद्दीपित करते आणि धूम्रपानाने विकंपनाचा धोका वाढतो. पिकांवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलिनचे विघटन रोखतात; त्यांच्या विषबाधेत हृदयाची लय बिघडू शकते व उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात.

उपचारांत बीटा-रोधक औषधे अनुकंपी परिणाम कमी करून निलयांची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची, गती आटोक्यात ठेवतात. डिगॉक्सिन व्हेगसचा प्रभाव वाढवून गती मंद करते. म्हणूनच व्हेगसजन्य प्रकारात ते, तसेच बीटा-रोधके, टाळण्याचा आणि ॲसिटिलकोलिनविरोधी गुण असलेल्या डायसोपिरामाइडचा विचार करण्याचा सल्ला दिला जात असे.

१९९८ मध्ये बोर्दो येथील मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी झटके सुरू करणारे ठोके बहुतांशी फुप्फुस शिरांतून उठतात असे दाखवले आणि त्या शिरा विद्युत्‌दृष्ट्या अलग करण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. मज्जापेशींच्या गुच्छिका याच शिरांच्या मुखांजवळील चरबीत असल्याने त्याही काही प्रमाणात नष्ट होतात, व शस्त्रक्रियेनंतर नाडी थोडी जलद राहते. यावरून गुच्छिका मुद्दाम जाळल्यास अधिक लाभ होईल अशी आशा होती. परंतु २०१६ च्या ‘अफॅक्ट’ चाचणीत झटके कमी झाले नाहीत, उलट गुंतागुंत वाढली. २०२० च्या एका लहान चाचणीत कानाच्या छिद्रासमोरील उंचवट्यावर, जेथे व्हेगसची एक शाखा पोहोचते, रोज एक तास सौम्य विद्युत् उद्दीपन सहा महिने दिल्यावर विकंपनाचा एकूण काळ घटला. व्हेगसचे तीव्र उद्दीपन विकंपन घडवते आणि सौम्य उद्दीपन ते रोखू शकते, ही बाब विशेष लक्षणीय आहे, परंतु हा उपचार अद्याप नित्याचा झालेला नाही.

रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांचा निर्णय मात्र झटका कोणत्या शाखेमुळे येतो यावर अवलंबून नसतो. तो वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा पक्षाघात इत्यादींवरून घेतात. संधिवाती तापाने डाव्या बाजूची द्विदल झडप अरुंद झालेल्या रुग्णांना वॉरफेरिनसारखी औषधे द्यावी लागतात. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाने या औषधांचा परिणाम बदलत असल्याने अशा रुग्णाने मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये आणि रक्त गोठण्याचा वेग दाखवणारी आयएनआर तपासणी नियमित करावी.