दूध सोडून सांधे सुटतात का?

गोव्यात संधिवाताचं निदान झालेल्या बाईला डॉक्टरांच्या आधी शेजारीण पथ्य सांगते. पूर्वी वांगं बंद, आंबट बंद एवढ्यावर भागायचं. हल्ली यादीत पहिलं नाव दुधाचं असतं. फोंड्यात, म्हापशात कुणाच्या तरी मावशीने दुधाचा चहा सोडला आणि महिन्याभरात तिची बोटं वळायला लागली, असं काहीतरी कानावर येतंच. ती थाप असेलच असं नाही. पण बोटं दुधामुळेच वळली की आणखी कशाने, हे मावशीलाही सांगता येत नाही.

दूध न सोसणं म्हणजे एकच आजार नव्हे. बहुतेकांना त्रास होतो तो दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. ते पचवणारं लॅक्टेज हे विकर लहानपणानंतर अनेकांच्या आतड्यात कमी होतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं असंच आहे. भारतात वायव्येकडून दक्षिणेकडे यावं तसं मोठेपणीही दूध पचवणाऱ्यांचं प्रमाण घटतं. पोट फुगतं, जुलाब होतात, पण सांध्यांशी त्याचा थेट संबंध नाही. दुधाची खरी ॲलर्जी वेगळी. ती केसीनसारख्या प्रथिनांची असते, बहुधा लहान मुलांना होते आणि अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काही मिनिटांत दिसते.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही आणि सैल व्हायला तासभर जातो. अशा आजारात दूध आगीत तेल ओततं का?

काही जणांत ओततं, याची नोंद आहे. १९८१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका बाईची हकीकत छापून आली. तिला चीजचं इतकं वेड होतं की दिवसाला जवळजवळ अर्धा किलो संपायचं. दुग्धजन्य पदार्थ बंद केल्यावर वर्षानुवर्षांचा आमवात उतरला आणि मुद्दाम परत खायला दिल्यावर उसळला. १९८६ साली अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ रिचर्ड पॅनुश यांनी याहून कडक परीक्षा घेतली: आमवाताच्या दुसऱ्या एका बाईला दुधाची भुकटी बंद कॅप्सूलमधून दिली, आत काय आहे हे तिला कळू न देता. दुधाच्या कॅप्सूलनंतर सांधे खरोखर सुजले. मात्र 'मला अमुक खाल्लं की दुखतं' म्हणणाऱ्या इतरांची अशीच झाकून परीक्षा घेतली, तेव्हा बहुतेकांत काही आढळलं नाही. सर्वसाधारण माणसांवरच्या चाचण्यांतही दूधदुभत्याने दाह वाढल्याचं दिसलेलं नाही.

मग बाकीच्यांना बरं का वाटतं? आमवाताला भरती-ओहोटी असते. माणूस पथ्य धरतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि तिथून ते बहुधा आपसूक उतरतंच. शिवाय त्याच सुमारास मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध सुरू झालेलं असतं, जे आठवड्यातून एकदाच घ्यायचं आणि ज्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. श्रेय जातं बिनदुधाच्या चहाला. भीती मला आहे ती पुढच्या पायरीची: 'पथ्यानेच बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद होते, आणि सांधा आतून झिजत राहतो. ती झीज परत भरून येत नाही.

म्हणून दूध सोडण्यापेक्षा ते परत घेऊन बघणं जास्त महत्त्वाचं आहे. बहुतेक जण नेमकं तेवढंच करत नाहीत. औषधं आहेत तशी ठेवून, डॉक्टरांना सांगून, चारेक आठवडे दूध, दही, पनीर, मिल्क पावडरची बिस्किटं, पेढे सगळं थांबवावं. रोज सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली ते कॅलेंडरवर लिहावं. नंतर दोन-तीन दिवस नेहमीएवढं दूध प्यावं आणि लिहिणं चालू ठेवावं. मिनिटं वाढली नाहीत तर चहा पूर्ववत. वाढली तर काही दिवस थांबून पुन्हा एकदा हेच करावं, कारण एकदा योगायोगही होतो. लहानपणापासून दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र हा प्रयोग घरी करू नये. रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजून शेकडो पदार्थांची 'संवेदनशीलता' सांगणाऱ्या महागड्या चाचण्याही कामाच्या नाहीत. तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच त्यातून बहुधा कळतं.

दूध खरंच बाधत असेल, तर गोव्याच्या स्वयंपाकघरात अडत काहीच नाही. हुमणात नारळ, सोलकढीत नारळ, चवथीच्या पातोळ्यांत नारळ, मणगण्यातही नारळाचाच रस. फसगत इथेच होते. नारळाचा रस दुधासारखा दिसतो, पण त्यात कॅल्शियम नावापुरतं असतं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम मिळतं आणि प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. आमवाताच्या रुग्णाला ही तूट जास्त महाग पडते, कारण आजार आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दोन्ही हाडं पोखरतात. भरपाई करायची तर नाचणीचं सत्त्व नव्हे, नाचणीचं अख्खं पीठ घ्यावं (१०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातलं सगळं अंगी लागत नसलं तरी). काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी किंवा सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या गलम्याची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची, किसमूरही चालेल, रक्तदाब असेल तर मीठ सांभाळून. तारले-बांगड्यांतल्या ओमेगा-३ मुळे आमवाताचं दुखणं थोडं कमी होतं, पण चाचण्यांत दिलेली मात्रा रोजच्या एका तुकडीतून भरत नाही.

हे सगळं आमवाताचं झालं. गाउट हाही दाहाचाच संधिवात, पण त्याचं गणित उलटं आहे. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे स्फटिक साचतात, आणि रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होतो. ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात जास्त मांस आणि मासे खाणाऱ्यांत गाउट जास्त आढळला, आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही घेणाऱ्यांत कमी. बिअरही त्याच आरोपींच्या रांगेत आहे. तेव्हा तारल्यांचं ताट आणि बिअर चालू ठेवून दूध तेवढं बंद करणारा गाउटचा रुग्ण नेमकं उलटं पथ्य पाळत असतो.