‘ठाण्याला न्या’ म्हणायची सवय

मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की ‘ह्याला ठाण्याला न्या’, पुण्यात ‘येरवड्याला जागा आहे का बघा’. कोकणात तेच रत्नागिरीच्या नावाने, विदर्भात नागपूरच्या. चेष्टेतली ही चार गावं म्हणजे राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली अपॉइंटमेंट घेणाऱ्याच्या डोक्यात ही चेष्टा आधीच येऊन बसलेली असते. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं तर ‘बहिणीला घेऊन आलोय’ असं पटकन तोंडातून निघतं, ते त्यामुळेच.

ही भीती उगाच आलेली नाही. १९१२ च्या ‘इंडियन लूनसी अ‍ॅक्ट’खाली दाखल होण्याची मुख्य वाट कोर्टातून जायची. नातलगाने अर्ज करायचा, दोन डॉक्टरी दाखले जोडायचे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीसच उचलून आणू शकत. आपणहून येणाऱ्यासाठी एक कलम होतं, पण कायद्याचा सगळा भर ताबा आणि मालमत्ता यांवर. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ मध्ये मंजूर झाला आणि प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाच्या लहानपणी इंग्रजांचाच कायदा चालू होता.

याच काळात दुसरी एक वाट तयार होत होती, तिच्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. १९३३ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९३८ मध्ये मुंबईत जे. जे. मध्ये तशी सोय झाली, पुढे केईएममध्येही. ताप-खोकल्याचे पेशंट ज्या इमारतीत जातात तिथेच केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. आज नव्याने उपचार सुरू करणारे बहुतेक जण असेच घरी राहून उपचार घेतात. माझ्या मते खरी क्रांती इथे झाली, ठाण्या-येरवड्याच्या भिंतींआड नाही.

घरी राहून उपचार शक्य झाले ते औषधांमुळे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १९३१ मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा रक्तदाबावर आणि उन्मादावर होणारा परिणाम छापून प्रसिद्ध केला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात तिच्याविषयी लिहिलं ते रक्तदाबाच्या संदर्भात, पण त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातलं रेसर्पिन पुढे स्किझोफ्रेनियासाठीही वापरलं गेलं. नंतर जास्त चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं.

‘गोळ्यांची सवय लागते’ या समजाचा उगम मात्र वेगळा. १९६० च्या दशकात डायझेपामसारख्या गोळ्या आल्या. आपल्याकडे काम्पोज हे नाव तर इतकं घरोघरी गेलं की झोपेची कुठलीही गोळी म्हणजे काम्पोज. या गटातल्या गोळ्यांची सवय खरंच लागते, म्हणून त्या शक्यतो थोड्याच दिवसांसाठी देतात. नैराश्यावरची औषधं या गटातली नाहीत. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकं जड होणं असे त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणत औषध सोडणारे पुष्कळ. तीही एकदम बंद केली तर चक्कर येते, बेचैनी होते. थांबवायची असतील तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आत्ताचा मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ रोजी. त्याच्या मसुद्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मंडळींचा मोठा वाटा होता. आपणहून दाखल झालेल्या प्रौढ व्यक्तीला घरी जायचं असेल तर जाऊ द्यावं लागतं; डॉक्टरांना गंभीर शंका असेल तर तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येतं. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा शॉक देण्यास बंदी आहे. पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि विमा कंपनीला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण मानसिक आजारालाही द्यावं लागतं. अर्थात कागदावर आलं म्हणजे काउंटरवर आलं असं नाही. पॉलिसी नीट वाचलेली बरी.

आणखी एक गोंधळ पहिल्या भेटीआधीच मिटवावा. औषध लिहून देतात ते सायकियाट्रिस्ट, म्हणजे डॉक्टर. बोलून उपचार करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट; त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘काउन्सेलर’ची पाटी कुणीही लावू शकतं, तेव्हा शिक्षण काय ते विचारायला संकोच करू नये. दवाखान्यापर्यंत जाण्याचा धीर होत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.