मागेल त्याला काम: दुष्काळी कामावरून दिल्लीपर्यंत

सरकारने माणसाला काम दिलंच पाहिजे, हा विचार देशाच्या कायद्यात २००५ साली, मनरेगाच्या रूपाने, आला. महाराष्ट्रात तो त्याच्या कितीतरी आधी आला होता, आणि त्याला भाग पाडलं १९७२ च्या दुष्काळाने. तेव्हाचे औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद जिल्हे त्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होते. पाऊस त्याआधीच्या हंगामातही दगा देत आला होता. कणग्या रिकाम्या, गुरं बाजारात, आणि बागायतदारापासून भूमिहीनापर्यंत सगळे एकाच कामावर खडी फोडायला बसलेले. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आजही त्या कामावर खायला मिळणारी सुकडी आठवते.

एवढ्या माणसांना सरकारने एकाच वेळी काम पुरवलं, मग दुष्काळ नसतानाही ते का मिळू नये? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हा मुद्दा लावून धरला. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे, आणि ही कल्पना त्यांनी आधी तिथेच आजमावली होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठीचा पैसा शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून उभा केला गेला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने बीडच्या मजुराचा वाटा उचलायचा, हे राज्याने कायद्याने ठरवलं. माझ्या मते गेल्या अर्धशतकातला हा महाराष्ट्राचा सर्वांत धाडसी आर्थिक निर्णय आहे.

त्याच काळात मराठवाड्यातला सुशिक्षित तरुण वेगळ्या कामासाठी रस्त्यावर आला होता. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उद्योग तुरळक, शिक्षणाच्या सोयी तोकड्या. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकऱ्यांमध्ये स्थानिकांना वाटा आणि मनमाड-औरंगाबाद रेल्वेचं रुंदीकरण या मागण्या पुढे होत्या, आणि वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे जीव गेले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या माणसांनी अनुशेषाचा, म्हणजे बाकीच्या राज्याच्या मानाने मागे राहिलेल्या विकासाचा, प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो अनुशेष मोजून मांडला. तो भरून काढण्यासाठीचं वैधानिक विकास मंडळ मात्र उजाडलं १९९४ मध्ये.

उद्योग आले ते औरंगाबादेत. चिकलठाणा, मग वाळूज. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. १९९१ च्या उदारीकरणानंतर शेंद्र्यापर्यंत एमआयडीसी पसरली, अलीकडे शेंद्रा-बिडकीनची ऑरिक ही औद्योगिक नगरी. पण हिंगोली, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांना त्या वाढीचा फारसा स्पर्श झाला नाही. जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत, पण तिथल्या भट्ट्यांवर राबायला मध्य प्रदेश-बिहारचे मजूर येतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली चिरडलेले १६ जण जालन्याच्या अशाच एका कारखान्यातून पायी निघालेले मध्य प्रदेशचे कामगार होते. आणि त्याच जालना-बीडमधून हजारो जोड्या दरवर्षी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखाना आला की गावच्या माणसाला काम मिळतं, हे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक धोरणकर्त्याने हे चित्र एकदा नीट पाहावं.

केंद्राने १९८९ मध्ये जवाहर रोजगार योजना आणली, पण तीत हक्क नव्हता. निधी असेल तोवर काम, एवढाच तिचा हिशेब. २००४ मध्ये सत्तेवर आलेल्या काँग्रेसप्रणीत आघाडीने किमान समान कार्यक्रमात वर्षाला १०० दिवसांच्या कामाचं वचन दिलं, २००५ मध्ये मनरेगाचा कायदा झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या २०० जिल्ह्यांत अंमल सुरू झाला. मराठवाड्यातले औरंगाबाद, नांदेड आणि हिंगोली पहिल्याच टप्प्यात होते. पंतप्रधान मोदींनी २०१५ मध्ये लोकसभेत याच योजनेला काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं. पण टाळेबंदीत माणसं गावी परतली तेव्हा सरकारला आधार याच योजनेचा घ्यावा लागला, आणि २०२०-२१ मध्ये तिच्यावर १ लाख कोटींहून जास्त खर्च झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तिच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले. पण पूर्वी अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची होती, आता राज्याने ४० टक्के वाटा द्यायचा आहे. पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवस काम बंद ठेवण्याची तरतूदही आहे.

मजुराच्या बाजूने पाहिलं तर अडचण दिवसांच्या आकड्यात कमी आणि पैसा हातात पडण्याच्या वेळेत जास्त आहे. ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून काम मागायचं, पोच घ्यायची. मग १५ दिवसांत काम मिळायला हवं. ते निघालं की मस्टर म्हणजे हजेरीपट, मोजमाप, ऑनलाइन हजेरी, आणि मजुरी खात्यात पडायला आणखी दिवस. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचं तसं नाही. तो पावसाळ्यातच घरी येतो आणि एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, रोख मोजून देतो. पोरीचं लग्न, दवाखाना, सावकाराचं देणं त्यातच भागतं. मग सहा महिने उसाचा फड सोडता येत नाही आणि उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधला जातो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर तालुक्याच्या शेल्फवर, म्हणजे तयार ठेवलेल्या कामांच्या यादीत, कामं आधी मंजूर हवीत, आणि जोड्या ऊसतोडीला निघण्याआधी, दसऱ्याच्या आत मस्टर निघून पहिल्या आठवड्याची मजुरी खात्यात पडलेली हवी. ४० टक्क्यांची तजवीज करताना राज्याने त्या पहिल्या आठवड्यांचे पैसे आधी बाजूला काढावेत.