जुन्या गाडीची ड्रॅग शर्यत: आधी वजन, मग ताकद

ड्रॅग शर्यतीत वळण नसतं. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ पळायचं. त्यामुळे वेळेचा अंदाज कागदावरही काढता येतो. चालकासकट गाडीचं वजन किलोत घ्या, अश्वशक्तीने भागा, उत्तराचं घनमूळ काढा आणि ७.५८ ने गुणा. येतात ते सेकंद.

मारुती एस्टीम घेऊ. १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन, ताकद ८५ अश्वशक्ती. गाडी सुमारे ८७५ किलोची, चालक ७० किलोचा. उत्तर १६.९ सेकंद. इंजिनाला हात न लावता १०० किलो उतरवले तर १६.३. वजन तेवढंच ठेवून १० अश्वशक्ती वाढवली, तरीही १६.३. वजन उतरवायला पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि एखादा रविवार लागतो. दहा अश्वशक्तीसाठी हेडर (एक्झॉस्टचे खास पाइप), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडचं काम आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यूनिंग यांत जुन्या गाडीच्या किमतीएवढा पैसा सहज जातो. म्हणून कमी बजेटमध्ये सुरुवात वजनापासूनच करावी.

एस्टीम हलकी आहे, तिचं काम जवळपास प्रत्येक मेकॅनिकने केलेलं असतं. पहिल्या पिढीची होंडा सिटी १.५ व्हीटेक जास्त ताकदवान आहे, पण चांगल्या अवस्थेतली मिळणं कठीण आणि पार्ट महाग. पहिल्या गाडीसाठी आमचं मत एस्टीमलाच. कार्बोरेटरवाली मात्र घेऊ नका, तिची ताकद बरीच कमी आहे.

गाडी सोलापूर परिसरातच वापरलेली असेल तर एक फायदा असतो: कोरड्या हवेमुळे पत्रा कोकणातल्या गाडीपेक्षा कमी गंजतो. तरी पुढच्या शॉकअपचे टॉवर आणि कार्पेटखालचा फ्लोअर पाहाच. तोटा पाण्याचा. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतलेलं असतं, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये बसतो. गावात गाडी ठीक चालते, पूर्ण थ्रॉटलला तापते. रेडिएटर उघडून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट नवा टाका आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट भरा.

सौदा करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम हवं. चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद करा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा ठोके, सेल्फ मारा. चांगल्या इंजिनात १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब येतो, सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एखाद्यात कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत कमी असेल तर संशय हेड गॅस्केटवर. इंजिन चांगलं निघालं तरी टायमिंग बेल्ट बदला. विकणारा ‘आत्ताच बदललाय’ म्हणाला तरी.

इंधनाचे रबरी पाइपही बदला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखानेही ते बनवतात) आणि जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नसतं. ते फुगतं, चिरतं. शर्यतीत गरम मॅनिफोल्डजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आग. पेट्रोल फिल्टरही नवा टाका: इथेनॉल टाकीतला जुना साका सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो.

आता वजन. मागची सीट, स्टेपनी, जॅक, कार्पेट, शेजारची सीट, दारांचे पॅड, एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर हे सगळं निघतं. दारांतल्या आडव्या सळ्यांना मात्र हात लावू नका, अपघातात त्याच वाचवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वजन कुठून काढलं यालाही महत्त्व असतं. स्टेपनी मागच्या ॲक्सलच्या मागे असते. ती काढली की एकूण वजन घटतंच, शिवाय पुढच्या चाकांवरचा भार किंचित वाढतो. बॅटरी डिकीत हलवण्याचा सल्ला मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. एस्टीममध्ये ती पुढेच राहू द्या.

याचं कारण गाडी सुटताना दिसतं. वेग घेताना भार मागे सरकतो. ९४५ किलोची गाडी, ४ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण, अर्धा मीटर उंचीवर गुरुत्वमध्य आणि २.३६५ मीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) धरला, तर पुढच्या चाकांवरून सुमारे ८० किलो भार निघून जातो. नेमक्या ज्या चाकांनी जमीन पकडायची, त्यांच्यावरून. उसाच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त पुढची चाकं ठेवून दोन्ही आकडे लिहून ठेवा. मोठे काटे सहसा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतात, तेवढं पुरतं.

टायर हा शर्यतीचा सगळ्यात महत्त्वाचा पार्ट. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुनं रबर कडक होतं, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. पुढच्या टायरांत हवा २४ पीएसआयपासून सुरू करून दोन-दोनने बदलत पाहा, २० च्या खाली जाऊ नका. मागे ३६ ठेवा, तिथे फक्त घर्षण कमी करायचं आहे. साध्या रोड टायरला लांब बर्नआउट (शर्यतीआधी चाकं जागच्या जागी फिरवणं) देऊ नका, रबर जास्त तापून पकड घटते. दोन-तीन सेकंदांत धूळ निघते.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा फ्लायव्हील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर फेस (पृष्ठभाग सपाट) करून आणा. सोबत इंजिन माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश. हे सैल असले तर सुटताना पुढची चाकं आपटतात, आणि एकाच आपटण्यात ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) सीव्ही जॉइंट, म्हणजे सांधा, तुटू शकतो. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वेल्ड करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन्ही चाकं एकत्र फिरतात खरं, पण शाफ्टवर प्रचंड ताण येतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

सुटताना इंजिन साधारण ३००० आरपीएमला धरून क्लच अर्ध्या सेकंदात सोडा. पहिल्या १८ मीटरांत वाचलेला दशांश सेकंद शेवटी साधारण दीडपट होऊन मिळतो.

सोलापूरची उंची सुमारे ४६० मीटर. मे महिन्यात ४२ अंशाला इथली हवा डिसेंबरच्या १६ अंशांच्या पहाटेपेक्षा आठ टक्के विरळ असते. तितकीच ताकद घटते, वेळ जवळपास अर्ध्या सेकंदाने वाढते. म्हणून मेमधल्या वेळेची डिसेंबरमधल्या वेळेशी तुलना करून नव्या पार्टला श्रेय देऊ नका. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा २५ अंश गरम असली तर आणखी आठ टक्के जातात. एअर फिल्टरचं तोंड हेडलाइटमागून बाहेरच्या हवेकडे न्या, पण फिल्टर काढू नका, इथली धूळ सिलिंडर घासते.

अशी बदललेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे (ते गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही) रस्त्यावर चालवता येत नाही. विजापूर रोडवर किंवा महामार्गावर रात्री पळवणं तर जिवाशी खेळ. ती ट्रेलरवरून एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) मान्यतेच्या शर्यतीला न्यावी, आणि हेल्मेट, पट्टे, अग्निशामक यांचे नियम त्याच नियमपुस्तिकेतून घ्यावेत. शेवटच्या रेषेवर ही गाडी ताशी १३० च्या आसपास असेल, म्हणून पहिल्या धावेआधी ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ भरा आणि मागच्या ड्रमचे शू सेट करा.