तिला "उष्णता" झालेली नाहीये!

माझी एक मैत्रीण, वय 46. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि कॅन्सर परत उलटू नये म्हणून गेली दोन वर्षं रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी चालू आहे. परवा बोलता बोलता मधेच थांबली, गळ्यापासून वर कपाळापर्यंत लालबुंद, ओठावर घामाचे थेंब, हाताला लागला तो कागद घेऊन वारा घ्यायला लागली. तीन-चार मिनिटांत सगळं ओसरलं आणि मग म्हणते, "अगं ती शाल दे, थंडी वाजतेय." मी थर्मामीटर लावला. 98.2. ताप वगैरे काहीच नाही.

घरच्यांचं निदान ठरलेलं, औषधांची उष्णता झालीय. ओळखीतल्या एक बाई तर म्हणाल्या की आतलं विष घामावाटे बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे! दोन्ही चूक. याला म्हणतात हॉट फ्लश. अंगात जास्तीची उष्णता तयारच होत नाहीये, मेंदूला उगाच तसं वाटतंय. हे कसं होतं ते मला स्वतःला इतकं भारी वाटतं की आज त्यावरच लिहिते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, शरीराचा थर्मोस्टॅट म्हणा. तापमान एका मर्यादेच्या वर गेलं की तो घाम काढतो आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, दुसऱ्या मर्यादेच्या खाली गेलं की कुडकुडायला लावतो. या दोन मर्यादांच्या मधे थोडी मोकळी जागा असते, तिथे तो गप्प बसतो. रॉबर्ट फ्रीडमन नावाच्या संशोधकाने ही जागा मोजली होती. हॉट फ्लश न येणाऱ्या बायकांत ती साधारण 0.4 अंश सेल्सिअस निघाली आणि फ्लश येणाऱ्यांत जवळजवळ शून्य. म्हणजे जिना चढला, गरम चहा घेतला, नुसतं टेन्शन आलं, तापमान केसभर वाढलं की लगेच घाम, आणि घाम सुकून तेच तापमान केसभर उतरलं की लगेच थंडी. शालीचं कोडं तिथेच सुटतं.

आता ही जागा आक्रसते कशाने? इथे जरा किचकट आहे, पण मजा पण इथेच आहे.

1979 मध्ये लक्षात आलं की फ्लश येतो साधारण त्याच वेळी रक्तात एलएच नावाच्या हॉर्मोनची उसळी दिसते. सगळ्यांना वाटलं चोर सापडला. पण ज्या बायकांची पिट्युटरी ग्रंथीच काढलेली, म्हणजे एलएच बनवणारा कारखानाच नाही, त्यांनाही फ्लश येत होते! म्हणजे वीज आणि गडगडाटासारखं, दोन्हीच्या मागे ढग एकच. तो ढग शोधला नाओमी रान्स यांनी. वारलेल्या बायकांच्या मेंदूचे काप बघताना त्यांना दिसलं की पाळी गेलेल्या बायकांत हायपोथॅलॅमसच्या एका कोपऱ्यातल्या काही पेशी चक्क फुगलेल्या आहेत आणि न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन बनवायचं काम त्यांच्यात जोरात चालू आहे. या पेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन अशी तीन रसायनं बनवतात म्हणून त्यांना केएनडीवाय म्हणतात, उच्चार "कँडी". इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन या पेशींना दाबून ठेवतं. पाळी गेल्यावर ते कमी झालं की त्या माजतात, आणि त्यांचे धागे जातात शेजारच्या थर्मोस्टॅटमध्ये, तिथे न्यूरोकायनिन बी ज्या कुलपात बसतं त्याचं नाव एनके3 रिसेप्टर. पुढे उंदरांमध्ये या पेशी मारल्या तर शेपटीचं तापमान उतरलं (उंदराची शेपटी म्हणजे त्याचा रेडिएटर). आणि 2015 मध्ये लंडनमध्ये धडधाकट, पाळी चालू असलेल्या बायकांना सलाइनमधून न्यूरोकायनिन बी दिलं तर त्यांना तिथल्या तिथे फ्लश आले. याहून स्वच्छ पुरावा काय हवा!

मग प्रश्न येतो, मैत्रिणीच्या अंगात इस्ट्रोजेन तर आहे, मग हे का? कारण टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही, त्याच्या कुलपात स्वतः जाऊन बसतं. स्तनातल्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप पोचत नाही, म्हणून कॅन्सरला आळा, पण मेंदूतल्या कँडी पेशींनाही तो पोचत नाही. गंमत म्हणजे पाळी गेलेल्या बायकांच्या हाडात हेच औषध इस्ट्रोजेनसारखं वागतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या ब्रेस्ट कॅन्सरच्याच दुसऱ्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी, ती इस्ट्रोजेन बनूच देत नाहीत, त्यामुळे फ्लश तर येतातच, वर सांधे दुखतात आणि हाडंही ठिसूळ होतात.

एवढं कळलं की उपायांची छाननी सोपी होते. इस्ट्रोजेनच परत दिलं तर फ्लश थांबतील, पण स्वीडनमधली हॅबिट्स नावाची चाचणी 2003 मध्ये मधेच थांबवली ती याचसाठी, हॉर्मोन घेणाऱ्या बायकांत कॅन्सर जास्त उलटत होता. आणि म्हणूनच "नॅचरल" हॉर्मोन बॅलन्सच्या डब्या बघून माझं डोकं फिरतं. त्यातला माल खरंच इस्ट्रोजेनसारखा वागत असेल तर तो हिला नको, आणि वागत नसेल तर पैसे कशाचे? "मला फरक पडला" या वाक्यावर पण जाऊ नका. 2000 साली व्हेन्लाफॅक्सिन या औषधाची ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांवर मोठी चाचणी झाली, त्यात चार आठवड्यांत नुसत्या खोट्या गोळीने फ्लशचा त्रास 27 टक्के कमी झाला. खऱ्या औषधाच्या 75 मिलिग्रॅमने 61 टक्के. त्या दोन आकड्यांमधलं अंतर ते औषधाचं श्रेय.

व्हेन्लाफॅक्सिन मूळचं डिप्रेशनचं, त्यामुळे "मला काय वेड लागलंय का" म्हणून बऱ्याच जणी नको म्हणतात. इथे ते थर्मोस्टॅटसाठी देतात, मनाचा संबंध नाही. गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन हेही पर्याय आहेत. आणि आता थेट एनके3 चं कुलूप अडवणारी औषधं आलीत, फेझोलिनेटंट (अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं) आणि एलिन्झानेटंट, ज्याची चाचणी खास टॅमॉक्सिफेनसारखी हॉर्मोन अडवणारी गोळी घेणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांवर झाली आणि 2025 मध्ये छापून आली, फ्लश खरंच कमी झाले. इस्ट्रोजेनला हात न लावता! मेंदूचे काप बघण्यापासून इथवर यायला तीसेक वर्षं गेली.

एक खाच मात्र आहे. टॅमॉक्सिफेन पोटात जातं तेव्हा तसं मवाळच असतं, यकृतातलं सीवायपी2डी6 नावाचं एन्झाइम त्यातून एन्डॉक्सिफेन बनवतं, ते खरं जोरदार. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन ही डिप्रेशनची दुसरी औषधं हेच एन्झाइम बंद पाडतात. आणि यातलं पॅरॉक्सेटीन अमेरिकेत हॉट फ्लशसाठीच मंजूर आहे! म्हणजे फ्लश थांबतील पण टॅमॉक्सिफेन लंगडं होईल. कुणी नवीन गोळी लिहून दिली तर आधी "मी टॅमॉक्सिफेनवर आहे" एवढं वाक्य बोलायचं, दाताच्या डॉक्टरकडे सुद्धा.

मैत्रिणीने मधे कुणाला न सांगता पंधरा दिवस गोळी बंद केली होती. ही गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायची असते आणि तिचा फायदा घेण्यातच आहे. तिच्या डॉक्टरांना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" सहा. हा प्रश्न दोन वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. गोळी परत चालू आहे, सोबत कमी डोसचं व्हेन्लाफॅक्सिन. काल फोनवर म्हणाली, आता दोनदाच उठते, आणि शाल अजून उशाशीच असते.