दाराशी आलेलं शेत

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेत घराघरांच्या पायऱ्यांवर केशरी भोपळे मांडले जातात. शेजारी शेवंतीच्या कुंड्या, ओसरीच्या खांबांना बांधलेली मक्याची वाळकी ताटं, दारावर पानाफुलांचं कडं. हा थाट आज बहुतेक जण दुकानातून आणतात. त्यातल्या मक्याच्या ताटांकडे मात्र जरा थांबून पाहावं, कारण ती मुळात सजावट नव्हतीच.

यंत्रं येण्यापूर्वी मका हातानं कापत. ताटं एकमेकांना टेकवून उभी करायची, वरून आवळून बांधायची आणि अशी बुचाडं आठवडेच्या आठवडे शेतातच ठेवायची. वारा लागून कणसं वाळत, मग सवडीनं सोलली जात; कडबा गुरांना. या बुचाडांच्या पायाशी भोपळे पडलेले असत. मक्याच्या शेतात घेवडा आणि भोपळा लावायची रीत इरोक्वॉय आणि इतर मूळ रहिवाशांची. वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडूनच उचलली. घेवडा ताटावर चढतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून तण रोखतात आणि ओल टिकवतात. 1930 नंतर कणसं तोडणारी यंत्रं पसरली, 1950च्या दशकात कापणी-मळणी एकदम करणारा कंबाइन मक्यात उतरला आणि बुचाड शेतातून हद्दपार झालं. खांबाला बांधलेली चार ताटं ही त्या मोडलेल्या कामाची आठवण आहे.

भोपळा तर याच खंडाचा. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकित्स नावाच्या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षं जुन्या बिया सापडल्या. त्याला डोळे-दात कोरून आत दिवा लावण्याची कल्पना मात्र समुद्रापलीकडची. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरअखेरीस सलगम कोरून कंदील करत. सलगम कठीण, ते पोखरताना हात भरून येतात, आणि त्यातून निघणारा चेहरा सुरकुतलेला, खरोखर भीतिदायक असतो. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका कंदिलाचा प्लास्टरमधला ओतीव नमुना आहे. तो पाहिला की आजचा हसरा भोपळा फारच सौम्य वाटतो. 1845 ते 1852च्या दुष्काळात किमान दहा लाख आयरिश लोकांनी देश सोडला आणि त्यातले पुष्कळ अमेरिकेत उतरले. तिथे हाताशी होता तो मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सोपा भोपळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनशी, म्हणजे भुताखेतांच्या सणाशी, पक्का जोडला गेला.

हॅलोविन उरकल्यावरही भोपळे हलत नाहीत, त्याचं श्रेय थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सणाला. संपादिका सारा जोसेफा हेल यांनी या सणासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 1863मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभरासाठी जाहीर केला.

दारावरच्या कड्याचे भाऊबंद याहून पुष्कळ जुने. प्राचीन अथेन्समध्ये शरदातल्या पायानोप्सिया उत्सवात ऑलिव्हच्या फांदीला लोकर गुंडाळून तिला अंजिरं, फळं आणि भाकऱ्या टांगत. मुलं ती गाणी म्हणत मिरवत आणि मग ती घराच्या दारावर वर्षभर राही. आजचं कडं तिथूनच थेट आलं असं म्हणता येणार नाही. पण पीक हाती आलं की त्याचा वानवळा दारावर टांगायचा, ही उर्मी तीच.

उरली शेवंती. ती चीनची, कवी ताओ युआनमिंगनं पूर्वेकडच्या कुंपणाशी शेवंती खुडल्याचं लिहिलं त्याला सोळाशे वर्षं झाली. अमेरिकेत ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पोचली. बाकी बागा कोमेजत असताना हीच का फुलते, याचं उत्तर 1920मध्ये मिळालं. अमेरिकन कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करत होते. फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते, हे त्यांनी दाखवलं. पुढे कळलं की झाड खरं तर मोजतं ती रात्र. रात्र पुरेशी लांबली की शेवंती कळी धरते. हे उमगल्यावर रोपवाटिकांना किल्लीच मिळाली: फुलं लवकर हवी असली, तर ऐन उन्हाळ्यात संध्याकाळ व्हायच्या आधीच वाफ्यांवर काळं कापड ओढायचं आणि सकाळी उशिरा काढायचं. झाडाला वाटतं, शरद आला.